ओझरता दिसलेला वाघ इंग्रजीत कसा सांगावा: नव्या गाईडसाठी

'आय सॉ अ टायगर' एवढं येत असलं की जंगल सफारीच्या गेटवर काम भागतं, असं नव्या गाईडला वाटतं. वाक्य चूक नाही. पण वाघ काही दर वेळी रस्त्यात येऊन बसत नाही. बहुतेक वेळा बांबूच्या मागून पट्टे सरकतात आणि संपतात. कधी नाल्याच्या वळणावर बिबट एकदम समोर उभा असतो. कधी तळ्याच्या काठावरचं लाकूड हलतं, तेव्हा कळतं की ती मगर आहे. मराठीत या प्रत्येक दिसण्यासाठी आपण वेगळं बोलतो: ओझरता दिसला, नजरेस पडला, झलक मिळाली, डोळ्यांसमोरून गेला. संध्याकाळी कोणी विचारतं, "काय जी, दिसला का वाघ?" आणि आपण सांगतो, "हो ना भाऊ, पण ओझरताच. ऐनाच्या झाडामागून गेला अन् गायबच झाला." ऐकणाऱ्याला सगळं कळतं. पाहुण्यालाही इंग्रजीत तितकंच कळावं, यासाठी हा लेख आहे.

मोहर्ली, कोलारा, खुर्सापार, पिटेझरी, गोठणगाव, सुन्ना, सेमाडोह अशा विदर्भातल्या जंगलांच्या गेटांवर किंवा त्यांच्या आसपास नव्याने लागलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलंमुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. जंगल तुम्हाला येतं. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा आवाज, कुठून आला, चितळ कुणाकडे बघून ओरडतंय, वानरं झाडावरून खाली का उतरत नाहीत, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. राहतं ते इंग्रजीतलं सांगणं. त्यासाठी लागणारे वाक्प्रचार थोडेच आहेत, पण ते नेमक्या जागी बसले पाहिजेत.

पहिली पायरी: वाक्यात बघणारा पुढे आणा

मराठीत आपण म्हणतो, "मला वाघ दिसला." यात वाक्य वाघाच्या मागे चालतं. वाघ दिसला, वाघीण दिसली, पिल्लं दिसली. क्रियापद त्यांच्याप्रमाणे बदलतं आणि आपण बाजूला 'मला' म्हणून उभे राहतो. इंग्रजीत रीत उलटी आहे. तिथे बघणारा वाक्याच्या तोंडाशी येतो: आय, वी, यू. म्हणून मनात मराठी वाक्य धरून बोलायला गेलं की 'टायगर वॉज सीन टू मी' असं काहीतरी निघतं आणि पाहुणा क्षणभर गोंधळतो.

यावर एकच सराव पुरेसा आहे. रोज संध्याकाळी त्या दिवशी जे दिसलं ते आधी मराठीत म्हणा आणि 'मला', 'आम्हाला' जिथे येईल तिथे मनात 'आय', 'वी' ठेवा. आम्हाला अस्वल दिसलं: 'वी सॉ अ बेअर.' त्यांना काहीच दिसलं नाही: 'दे डिडन्ट सी एनीथिंग.' ही सवय जिभेवर बसेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण पुढचे बरेच वाक्प्रचार याच साच्यात चालतात.

त्यांतल्या बऱ्याच वाक्प्रचारांत क्रियापद 'कॅच' आहे, म्हणजे पकडणं. भूतकाळात 'कॉट'. जे क्षणात निसटू शकतं ते बघणाऱ्याने नजरेनं पकडलं, असा त्यातला भाव आहे.

दुसरी पायरी: 'ग्लिम्प्स' आणि 'साइट' वेगळे ओळखा

सगळ्या लेखातलं हेच महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

'कॅच अ ग्लिम्प्स ऑफ' म्हणजे ओझरतं दिसणं. वेळ कमी मिळाला, किंवा जनावर पूर्ण दिसलं नाही, किंवा दोन्ही. 'वी कॉट अ ग्लिम्प्स ऑफ अ टायग्रेस.' फक्त शेपटी दिसली असेल तर तेही सांगता येतं: 'वी कॉट अ ग्लिम्प्स ऑफ हर टेल.' आणखी जोर द्यायचा तर 'जस्ट अ ग्लिम्प्स' किंवा 'अ फ्लीटिंग ग्लिम्प्स' म्हणा. 'फ्लीटिंग' म्हणजे आलं आणि सरलं, असं. काहीच दिसलं नाही तर 'वी डिडन्ट इव्हन गेट अ ग्लिम्प्स', म्हणजे झलकसुद्धा मिळाली नाही. इथे 'कॅच'ऐवजी 'गेट' आलं आहे. दोन्ही चालतात.

'कॅच साइट ऑफ' वेगळं आहे. यात भर आहे तो नजरेस पडण्याच्या क्षणावर. इतका वेळ दिसत नव्हतं, एकदम दिसलं. त्यानंतर ते जनावर अर्धा तास समोर बसून राहिलं तरी हरकत नाही. 'वी कॉट साइट ऑफ अ बेअर निअर द वॉटरहोल अँड वॉच्ड इट फॉर टेन मिनिट्स.' हे वाक्य बरोबर आहे. यात 'साइट'च्या जागी 'ग्लिम्प्स' घातलं तर वाक्य स्वतःशीच भांडतं, कारण ओझरतं दिसलेलं अस्वल दहा मिनिटं कसं बघणार?

आता बारकावा. 'ग्लिम्प्स'च्या आधी 'अ' लागतो, 'साइट'च्या आधी लागत नाही. 'कॉट अ ग्लिम्प्स ऑफ', पण 'कॉट साइट ऑफ'. शेवटचा 'ऑफ' दोन्हीकडे हवा. तो गाळला की वाक्य लंगडं होतं. उच्चाराचंही बघा. 'ग्लिम्प्स' एका दमात, एकाच ठोक्यात म्हणायचा. मधला 'प' हलका राहिला तरी चालतं, शेवटचा 'स' मात्र ऐकू आला पाहिजे.

'साइट'चा उलटा भाऊही लगेच पाठ करा, तो रोज लागतो: 'लूज साइट ऑफ', भूतकाळात 'लॉस्ट साइट ऑफ'. दिसत होतं आणि दिसेनासं झालं. 'वी लॉस्ट साइट ऑफ हर इन द बॅम्बू.' सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानं झडलेली असतात, तिथे नजर लांबवर जाते. बांबूच्या रांजीत मात्र वाघीण दोन पावलं आत गेली की संपलं. हे वाक्य तुमच्या तोंडून जितक्या वेळा निघेल, तितक्या वेळा पाहुण्याला कळेल की इथे वाघ बघणं म्हणजे काय.

आणि 'सायटिंग' तर तुम्ही आधीपासून म्हणताच. "सकाळी सायटिंग झाली का?" इंग्रजीतही ते असंच चालतं: 'वी हॅड अ गुड सायटिंग.' फक्त ओझरत्या झलकेला 'गुड सायटिंग' म्हणू नका. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरी पायरी: 'ग्लान्स' इथे चालत नाही

'ग्लिम्प्स' आणि 'ग्लान्स' यांचा आवाज जवळचा, म्हणून 'आय ग्लान्स्ड अ टायगर' असं वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडून निघतं. 'ग्लान्स' म्हणजे आपण होऊन टाकलेली एक झटकन नजर. घड्याळाकडे टाकतो तशी. त्याच्यामागे 'ॲट' लागतं: 'आय ग्लान्स्ड ॲट माय वॉच.' 'ग्लिम्प्स' मिळते, 'ग्लान्स' टाकली जाते. हा फरक मनात पक्का करा.

मात्र वाघाच्या बाजूने 'ग्लान्स' फार सुंदर बसतं. वाघीण रस्ता ओलांडते, मान वळवून जिप्सीकडे, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीकडे, एकदा बघते आणि चालू लागते. 'शी ग्लान्स्ड ॲट अस अँड वॉक्ड ऑन.' एवढ्याशा वाक्यात तिचा सगळा रुबाब येतो. माझ्या मते प्रत्येक गाईडकडे हे वाक्य तयार असावं.

पिल्लं दगडाआडून डोकावतात त्याला 'पीक' म्हणायचं: 'द कब्ज पीक्ड आउट फ्रॉम बिहाइंड द रॉक.' यात लपून, थोडंसं डोकं काढून बघणं आहे.

आणखी एक: 'ॲट फर्स्ट ग्लान्स'. पहिल्या नजरेत एक वाटलं, नीट बघितल्यावर दुसरंच निघालं, अशा वेळी. ताडोबा तलावाच्या काठावर याचा रोज उपयोग आहे: 'ॲट फर्स्ट ग्लान्स इट लुक्स लाइक अ लॉग. इट्स अ क्रॉकोडाइल.' उन्हात पडलेले रानगवे लांबून काळे दगड वाटतात, तिथेही हेच.

चौथी पायरी: एकदम समोर आलं तर

वळण घेतलं आणि समोर बिबट. त्याला इंग्रजीत 'आउट ऑफ नोव्हेअर' म्हणतात: 'अ लेपर्ड केम आउट ऑफ नोव्हेअर.' कुठून आला ते कळलंच नाही. याच्या जवळचा दुसरा वाक्प्रचार 'आउट ऑफ द ब्लू' हा निरभ्र आकाशातून वीज पडावी तशा घटनेसाठी आहे. अचानक आलेला फोन, अचानक ठरलेली बदली, अनपेक्षित बातमी. जनावरासाठी 'नोव्हेअर' जास्त शोभतं.

हळूहळू, झाडी संपता संपता दिसू लागलं तर 'केम इनटू व्ह्यू'. इथे वाक्याच्या तोंडाशी बघणारा नसून जनावर आहे, म्हणजे आपल्या मराठीला जवळचं: 'द हर्ड केम इनटू व्ह्यू.' नवख्याला हे सोपं जातं.

'समथिंग कॉट माय आय' हाही तसाच. काहीतरी हललं, चमकलं, वेगळं वाटलं आणि त्यानं माझं लक्ष वेधलं. पकडणारं ते, पकडली गेलेली नजर माझी. 'अ मूव्हमेंट इन द ग्रास कॉट माय आय.' ड्रायव्हरला थांबवताना पाहुण्यांना कारण सांगायचं असेल, तर हेच वाक्य.

आणि 'आउट ऑफ द कॉर्नर ऑफ माय आय', म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून. डोळ्याच्या कडेनं बारीक तपशील नीट दिसत नाही, पण हालचाल चटकन कळते. कान हलला, गवताचं पातं वाऱ्याविरुद्ध झुकलं, ते आधी कडेलाच जाणवतं. म्हणून एका झुडपावर नजर रोवून बसू नये, हे जुनेजाणते गाईड सांगतात ते बरोबरच आहे. पाहुणा विचारतो, 'हाऊ डिड यू सी दॅट?' तेव्हा सांगा: 'आय सॉ इट आउट ऑफ द कॉर्नर ऑफ माय आय.' त्याला तुमचं कसबही कळतं आणि कुठे बघायचं तेही.

इथे एक सावधगिरी. योगायोगाने गाठ पडणं याला 'रन इनटू' किंवा 'बम्प इनटू' म्हणतात, ओळखीच्या माणसाबद्दल. पण गाडीत बसलेल्या माणसाने 'वी रॅन इनटू अ टायगर' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला गाडीने वाघाला धडक दिली असं वाटू शकतं. रस्त्यावर गाडीखाली वन्यप्राणी मरण्याच्या बातम्या आपल्याकडे खरोखर येतात, त्यामुळे हा गैरसमज हलका नाही. 'वी केम अक्रॉस अ टायगर' म्हणा. त्यात योगायोग येतो, धडक येत नाही.

पाचवी पायरी: वेग

'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' याला इंग्रजीत हुबेहूब जोडीदार आहे: 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय'. पापणी लवायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, म्हणजे दोन्ही भाषांनी एकच माप धरलं. 'इट वॉज गॉन इन द ब्लिंक ऑफ ॲन आय.' वेगासाठी 'इन अ फ्लॅश' हेही आहे, विजेच्या लखलखाटासारखं झटकन. नीलपंख उडाला, मुंगूस रस्ता ओलांडून गेलं, तिथे ते चपखल.

'ब्लिंक अँड यू'ल मिस इट' हे इशाऱ्यासारखं वापरता येतं: पापणी लवली तर हुकाल. भेकर बघायला निघालेल्यांना आधीच सांगून ठेवा. भेकर लाजरं, एकटं फिरणारं. थांबून राहत नाही.

सहावी पायरी: पहिल्यांदाच पाहिलं तर

'सेट आइज ऑन' आणि 'ले आइज ऑन' हे दोन्ही मुख्यतः पहिल्या दर्शनासाठी, किंवा 'आजवर पाहिलेल्यांत' असं म्हणताना येतात. 'ही'ज द बिगेस्ट टायगर आय'व्ह एव्हर सेट आइज ऑन.' ब्रिटिश पाहुण्यांच्या तोंडी गप्पांमध्ये 'क्लॅप आइज ऑन' ऐकू येईल. अर्थ तोच. ऐकून ओळखा. स्वतः वापरायची घाई नको.

या वाक्प्रचारासाठी मेळघाटच्या गाईडकडे सगळ्यांत सुरेख उदाहरण आहे: रानपिंगळा. या लहानशा घुबडाची शास्त्रीय नोंद 1873 ची. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच मिळत नव्हता आणि तो नाहीसा झाला असं धरलं गेलं होतं. 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पक्षीतज्ज्ञांना तो पुन्हा सापडला, तब्बल 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं दिसून आलं. पाहुण्याला हे असं सांगा: 'फॉर 113 इयर्स नो सायंटिस्ट सेट आइज ऑन धिस आउल.' आकडा इंग्रजीत 'वन हंड्रेड अँड थर्टीन'. त्यात 'नो सायंटिस्ट' मुद्दाम म्हणायचं. सातपुड्यात राहणाऱ्या माणसांच्या नजरेस तो मधल्या काळात पडलाच नसेल, असं कोणी कसं म्हणावं?

सातवी पायरी: जिप्सीत बोलायचं ते आणि नंतर बोलायचं ते

समोर वाघ असताना वाक्प्रचार वापरायचे नसतात. तिथे पाच-सहा शब्द, तेही दबक्या आवाजात. 'लुक, लेफ्ट, बिहाइंड द फॉलन ट्री.' दिशा दाखवायला घड्याळाची रीत चांगली: जिप्सीचं तोंड म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. 'टेन ओ'क्लॉक' म्हटलं की डावीकडे थोडं पुढे. सफारी सुरू होण्याआधी ही रीत पाहुण्यांना गेटवरच समजावून ठेवा, आत गेल्यावर वेळ मिळत नाही. वाट बघताना मात्र 'कीप युअर आइज पील्ड' म्हणता येतं: डोळे उघडे ठेवा, लक्ष असू द्या.

खरा उपयोग नंतर. समोरून दुसरी जिप्सी येते आणि त्यातला पाहुणा विचारतो, 'एनी लक?' इथे तुमचा शब्द मोजला जातो. झलक मिळाली असेल तर 'जस्ट अ ग्लिम्प्स' म्हणा. फक्त कॉल ऐकले असतील तर 'वी हर्ड अलार्म कॉल्स, बट नो सायटिंग'. ताजे पगमार्क, म्हणजे पंजांचे ठसे, असतील तर तेवढंच. शेपटी दिसली आणि 'ग्रेट सायटिंग' सांगितलं, तर ती जिप्सी तिकडे धावेल, मागून आणखी धावतील, आणि वाघिणीच्या वाटेवर विनाकारण गर्दी होईल. जेवढं दिसलं तेवढंच सांगणारा गाईड पाहुण्यांच्या लक्षात राहतो आणि जंगलालाही त्याचा त्रास होत नाही. 'ग्लिम्प्स' आणि 'साइट' यांतला फरक मी इतका ताणून सांगितला तो याचसाठी.

गेटकडे परतताना सकाळची गोष्ट सलग सांगायची सवय लावा. नमुना असा: 'वी हर्ड अ सांबर कॉल. देन समथिंग कॉट माय आय निअर द स्ट्रीम. वी कॉट साइट ऑफ अ टायग्रेस ॲज शी केम आउट ऑफ द ग्रास. शी ग्लान्स्ड ॲट अस, अँड देन वी लॉस्ट साइट ऑफ हर. इट वॉज ओव्हर इन द ब्लिंक ऑफ ॲन आय.' हे पाठ करू नका. यातले सांधे उचला आणि तुमच्या सकाळचं जनावर, तुमचा नाला, तुमची झाडं त्यात घाला.

सरावाला वेळ कधी? कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, आठवड्यात ज्या दिवशी बंद असतो (ताडोब्यात मंगळवारी), त्या दिवशी दोघं-तिघं बसा. एकानं मराठीत सांगायचं, दुसऱ्यानं इंग्रजीत, तिसऱ्यानं 'ऑफ' आणि 'ॲट' पकडायचे. पावसाळ्यात कोअर बंद असतो तेव्हा तर वेळच वेळ.

दोन फसवे शब्द जाता जाता. 'बर्ड्स-आय व्ह्यू' म्हणजे उडत्या पाखराला मिळावी तशी झटकन नजर नव्हे. उंचावरून दिसणारं सगळं दृश्य, टेकडीवरून किंवा मचाणावरून दिसतं ते. आणि 'ओव्हरलुक' म्हणजे वरून बघणं असं वाटतं, पण माणसाबद्दल बोलताना त्याचा अर्थ बहुधा नजरेतून सुटणं असा असतो: 'आय ओव्हरलुक्ड इट.'

शेवटी पाहुणा ओळखा. इंग्रजी बोलणारा प्रत्येक पाहुणा इंग्लंड-अमेरिकेचा नसतो. जर्मनी, फ्रान्स, जपानहून आलेले, किंवा बंगाल आणि तमिळनाडूतले, त्यांच्यापैकी अनेकांसाठी ही तुमच्यासारखीच शिकलेली भाषा आहे. त्यांना 'ग्लिम्प्स', 'सायटिंग', 'लॉस्ट साइट' हे कळतं. 'आइज पील्ड' म्हटल्यावर चेहरा कोरा दिसला, तर लगेच 'लुक केअरफुली' म्हणा आणि बोटाने दिशा दाखवा.